पेडलला दिलेले पाणी

सोलापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९३५

तीर्थरूप आण्णांच्या चरणी,
वच्छलेचे शि. सा. न. वि. वि.

तुमची व आईची खुशाली आपल्या शेजारच्या अक्कम्मांकडून कळली. त्या उद्या अक्कलकोटला परत निघाल्या आहेत, म्हणून हे पत्र आणि एक गाठोडे त्यांच्याच हाती देते. गाठोड्यात लोखंडाचे दोन तुकडे आहेत. इकडे त्या दोन तुकड्यांपायी भिमादादाला दोन दिवस अन्न गोड लागलेले नाही.

दादा चालवतो ती हिंदुरावसाहेबांची लाल मोटार तुम्ही दसऱ्याला पाहिली होतीत. दोनच माणसांची, शर्यतीची. तिच्यात ड्रायव्हरच्या उजव्या पायाखाली एक पेडल असते. ते जितके दाबावे तितके तेल यंत्रात जाते आणि तितकी मोटार पळते. साहेब मुंबईस आहेत, पंधरा तारखेला येतील. ते नसताना ही मोटार बाहेर काढायची नाही अशी दादाला सक्त ताकीद होती. उभी राहून बिघडेल म्हणून त्याने होटगी रस्त्याला एक फेरी मारली, आणि येताना पेडल मधोमध मोडले. विलायतेहून नवे यायला तीन महिने लागतात.

साहेब आले की खरे ते सांगून टाकू, असे मी म्हणाले. दादाने मला हात जोडले. चाकरी तर जाईलच, आणि मी शिकवते त्या मुलींच्या शाळेचे अध्यक्ष साहेबच आहेत, याचीही त्याने आठवण करून दिली. मी गप्प बसले. हे मला शोभले नाही.

तुकडे जुळवून कागदावर ठेवले व भोवती पेन्सिल फिरवली आहे. तसेच नवे तुमच्या भट्टीत घडवून द्या. ते असे कठीण करा की पुन्हा मोडायचे नाव नको. छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडवता तसे पूर्ण पाणी द्या.

आईला नमस्कार. तुमच्या मायेची सदैव भुकेली,
वच्छला


अक्कलकोट,
ता. ७ फेब्रुवारी

चि. वच्छला हिला आईचा पोटभर आशीर्वाद.

तुजे आण्णा सांगत्यात आनि मी लिवते. अक्षर वाकडं आलं तर हसू नको, मला शिकवलेली मास्तरीण तूच हाईस. हितं समदं बरं हाय. भिमाला म्हनावं जेवत जा, उपाशी राहून लोखंड जुळत न्हाय.

आण्णा म्हनत्यात, पेडल हुईल. टांग्याखाली धक्के सोसती त्या मोडक्या कमानीची पट्टी हाय, चांगलं पोलाद हाय. पर पूर्ण पाणी द्यायला त्यांचं मन घेत न्हाय. म्हनत्यात, छिन्नीला पाणी चालतंय, ती हातात असती. ज्याला रोज पायानं दाबायचं ते जरा मऊच पायजे. मऊ असंल ते आदी वाकंल, मानसाला कळंल, काडून सरळ करता येतंय. कडक पाणी दिलेलं सांगून तुटत न्हाय. पाणी दिलं तरी पुना शेकून उतरवायला पायजे. तू शिकलेली हाईस, तूच कळीव काय करायचं ते. तवर भाता थांबवून ठेवलाय.

मला इच्यारशील तर त्यांचं खरं वाटतंय. पर माजं कोन ऐकतंय की.

जीव जपून ऱ्हावा दोगं.
तुजी आई केराबाई


सोलापूर,
ता. ९ फेब्रुवारी

ती. आण्णांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. आईचे अक्षर माझ्या तिसरीतल्या मुलींपेक्षा चांगले आहे, तिला सांगा.

आण्णा, जुने पेडल मऊ होते म्हणूनच मोडले ना? कॉलेजात इंटरला आम्हाला धातूंचा धडा होता. त्यात स्पष्ट दिले आहे की पाणी दिलेले पोलाद सर्वांत कठीण. पुन्हा शेकून ते मऊ करू नका. इतकी वर्षे चालत आले म्हणून ते बरोबरच असे नसते. या वेळी माझे ऐका. पेडल तेरा तारखेपर्यंत हवे.

तुमचे लाड आठवणारी,
वच्छला


सोलापूर,
ता. ४ मार्च

ती. आण्णांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

कसे लिहावे कळत नाही. भिमादादा कालपासून कोठडीत आहे. अंगाला काही लागलेले नाही, हे आधी वाचा.

तुमचे पेडल सतरा दिवस छान चालले. साहेब आले, फिरून आले, त्यांना काही कळले नाही. काल सकाळी दादा एकटाच तेल भरून परत येत होता. साखर पेठेच्या तोंडाशी पेडल काचेसारखे तुटले आणि वरचा तुकडा तेल सोडणाऱ्या दांडीखाली जाऊन अडकला. पाय काढला तरी मोटार पळतच राहिली. तो ब्रेकवर उभा राहिला, मोटार भिंतीवर घातली. मध्ये सावित्रम्मा नावाची बाई आली. ती माग चालवणाऱ्या घरची, डोक्यावर सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन निघालेली. तिची मांडी मोडली आहे. सरकारी दवाखान्यात मी तिला पाहून आले. ती तेलुगूत काहीतरी पुनःपुन्हा म्हणत होती. तिच्या सुनेने सांगितले की ती कांड्या कुठे आहेत ते विचारते आहे.

साहेबांनी पोलिसांत सांगितले की मोटार ठाकठीक होती, ड्रायव्हरने ती बेदरकार हाकली. दादा पेडलचे काही बोलतच नाही. बोलला तर त्याची ती फेरी उघडी पडते, आणि तुमचे नाव येते. वकील म्हणतात की असाच गप्प राहिला तर वर्षभर तरी आत जाईल. अठराला खटला आहे. जामीन राहायला कोणी नाही.

तुम्ही येऊ नका. काय करू ते मात्र सांगा.
तुमची,
वच्छला


अक्कलकोट,
ता. ७ मार्च

चि. वच्छला हिला आशीर्वाद.

पत्र आलं तवापासून आण्णांनी भट्टी पेटवली न्हाय. जेवायला बसत्यात आनि भाकरी तशीच ठिवून उठत्यात. मी रडले, ते रडत न्हाईत, त्येचीच मला भीती वाटती.

ते म्हनत्यात, तुटलेली जागा डोळ्यानं बघ. आत काळपट, तंतूवाणी असंल, कडंला वाकल्याची खूण असंल, तर ते दुसऱ्या कशानं गेलं. आन पांढरं, दाणेदार, फुटलेल्या खडीसाखरेवाणी चमकत असंल तर ते पाण्यानं गेलं. मग भिमाचा काय बी दोष न्हाय. बघ आनि लगी लगी लिव.

त्या सावित्रम्माकडं रोज जात जा. तिच्या पायाला आपलं लोखंड लागलंय.
तुजी आई


सोलापूर,
ता. ९ मार्च

ती. आण्णांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

मोटार चौकीच्या आवारात आहे. पेडलचा तुकडा चिठ्ठी बांधून ठेवला आहे. हवालदाराला विनवून पाहिला. खडीसाखरेसारखा आहे. कडेला वाकल्याची खूण नाही.

तुम्ही मला सात फेब्रुवारीच्या पत्रात सगळे सांगितले होते. तुटताना ते सांगून तुटत नाही, हेसुद्धा. मी धड्यातले काठिण्य तेवढे पाहिले. कठीण म्हणजे बळकट, असे धरून चालले. चाळीस वर्षे लोखंडाशी बोलणाऱ्या माणसाला मी धातू शिकवला.

आज कोठडीत दादाला भेटून हे सांगितले. तो म्हणाला, गप बस, तुझी शाळा जाईल, मी एक वर्ष काढीन, तुरुंगात तरी तुझ्यासारखी कोणी माझ्याकडून इंग्रजीची उजळणी घेणार नाही. मला हसवायला म्हणाला. मला हसू आले नाही.

मी ठरवले आहे. कोर्टात सांगणार की मऊ ठेवू असे वडील म्हणत असताना मी त्यांच्याकडून पाणी देववले. शाळा जाईल तर जावो. पण नुसत्या माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. भावाला वाचवायला बहीण बोलते, असेच म्हणतील. माझे नऊ फेब्रुवारीचे पत्र तुमच्याकडे आहे. ते परतीच्या टपालाने पाठवा. त्याच्यावरच दादाची सुटका अवलंबून आहे.
वच्छला


अक्कलकोट,
ता. १२ मार्च

वच्छे,

हे पत्र माजं मी लिवते. आण्णा बाजारात गेल्यात.

तुजं ते पत्र न्हाय. काल तुजं लिवनं मी वाचून दावलं. त्येंनी ऐकून घेतलं, उठून फळीवरची तुजी पत्रं काडली, फेब्रवारीच्या नऊ तारखेचं कुटलं ते मला इच्यारलं. मला वाटलं पाठवायला इच्यारत्यात. मी बोट दावलं. पाच-सा दिवसांनी भट्टी पेटवली आनि पयलं ते आत टाकलं. मी वरडले. म्हनले पोराचा जीव जाळला तुमी. तर म्हनत्यात, पोरगं मी सोडवून आनतो, पोरीची शाळा जाऊ द्यायची न्हाय. पाणी माज्या हातानं दिलं, मीच सांगीन मला कळलं न्हाय म्हनून.

ज्यांनी कदी चावडीची पायरी चढली न्हाय ते अठराला येनार हाईत. त्या पट्टीचं उरलेलं लोखंड बरूबर आनत्यात. तू मदी बोलू नको असा निरोप हाय. निरोप त्यांचा हाय, माजा न्हाय. तुजं तुला कळतंय.

तुजी आई


सोलापूर,
ता. १९ मार्च

तीर्थस्वरूप आईच्या चरणी,
वच्छलेचे शि. सा. न. वि. वि.

दादा सुटला. हे तुला तारेनेही कळले असेल, तरी माझ्या हाताने लिहिते.

आण्णांनी धोतराच्या घडीतून त्या पट्टीचे दोन तुकडे काढले. एकाला पूर्ण पाणी दिलेले, एक मऊ. कोर्टाच्या आवारात एका दगडावर ठेवून त्यांनी दोन्हींवर घण घातला. मऊ तुकडा वाकून तसाच राहिला. दुसरा फुटला. त्याचा दाणा आणि पेडलचा दाणा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा वर सारून शेजारी शेजारी पाहिला, आणि पुन्हा पाहिला. मग दादानेही तोंड उघडले व होटगी रस्त्यापासून सगळे सांगितले. हिंदुरावसाहेबांचे वकील हसून म्हणाले, म्हणजे आता मोटारी लोहारशाळेत होऊ लागल्या वाटते. आण्णांनी त्यांना विचारले की तुमच्या टांग्याची कमान कुठे होते.

नंतर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आण्णांना विचारले की इतके कळते, तर असे पाणी दिलेच कसे. आण्णा तुला सांगून निघाले होते तसेच म्हणाले, मला कळलं न्हाय साहेब. आई, नुकत्याच घातलेल्या त्या दोन घावांनंतर ते कोणाला खरे वाटणार होते? मॅजिस्ट्रेटसाहेबांचा आवाज चढला. मग तू मुद्दाम केलेस काय, असे विचारले. आण्णा खाली पाहू लागले. मी उठले आणि माझे पत्र सांगितले. ते जळले, पण मला पाठ आहे, शब्दन् शब्द म्हणून दाखवला. माझे ऐका, हे शब्दसुद्धा.

कोर्टाने आण्णांकडे पाहून विचारले की ही मुलगी लोखंडातले काय जाणते, तिचे का ऐकलेस? ते म्हणाले, घरात एकच शिकलेलं हाय साहेब. तिचं ऐकायचं न्हवतं तर शिकवलं कशाला.

कोणी हसले नाही. तेव्हापासून मला मान वर करता येत नाही.

शाळेची चिठ्ठी आजच आली, उद्यापासून यायचे कारण नाही. दादाचीही चाकरी गेली. सावित्रम्माच्या घरी माग बंद पडला आहे. कांड्या भरायला माणूस नाही, तिथे मी जाते आहे. तिच्या सुनेने माझे हात पाहून काय शिकलीस विचारले. बी. ए. म्हणाले. तिला ते काय असते माहीत नव्हते. मी भरलेली पहिली कांडी तिने उलगडून परत दिली, आणि मी विचारले, कशी भरायची.

आण्णा उद्याच्या गाडीने निघतील. माझ्याशी ते नेहमीसारखे बोलतात, जेवलीस का विचारतात. मला अजून बोलता आलेले नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तू त्यांना वाचून दाखव.

तुम्हा दोघांची माया माझ्यावर आहे तशीच राहू द्या. मात्र माझे सगळे ऐकू नका.

तुमची,
वच्छला