हलवायाची साखर

११ ऑक्टोबर
यांची साखर पुन्हा वाढली. नर्स ओरडली. हे हसतात — "हलवायाच्या अंगात साखर नाही तर काय मीठ असणार?" गोळ्या खिशात पडून, चहात खडीसाखर. मी बोलले की आमच्या मर्गिलान गावच्या अख्ख्या बाजाराला सांगत सुटतात, बायको उपाशी मारते!

१४ ऑक्टोबर
सकाळी दुकानात हलवा तोलताना यांच्या हातून वजन पडलं. समोर नान विकणारी साओदत-आपा धावत आली. "अगं, तोंड वाकडं झालंय याचं! ओलीम, दोन्ही हात वर कर!" उजवा उठेना. हे बोलायला गेले तर नुसतं 'ब... ब...' मला वाटलं साखर उतरली, गोड चहा पाजावा. आपानं माझ्या हातातली प्याली हिसकावली. "घशाखाली उतरणार नाही, ठसका लागेल! चल, गाडी बघ!" तिची नानची टोपली रस्त्यात तशीच उघडी.

१५ ऑक्टोबर
वाचले! अल्लाचे उपकार. आणि आपाचे.
डॉक्टरीण माझ्या लेकीएवढी. म्हणाली, "वेळेत आणलंत, म्हणून मेंदूतली गुठळी विरघळवता आली." मी विचारलं, साखरेचं दुखणं डोक्यात कसं गेलं? "मावशी, साखर रक्तातच फिरते ना! वर्षानुवर्षं रक्तवाहिन्या आतून खराब करते — पायाच्या, डोळ्यांच्या, मेंदूच्यासुद्धा. त्यात यांचा रक्तदाबही वाढलेला."
आम्ही आपले पायाची बोटं तेवढी तपासत बसलो होतो.

१९ ऑक्टोबर
वाचा नाही. पण डाव्या हातानं माझा हात दाबतात. पुष्कळ झालं.

२७ ऑक्टोबर
घरी आणलं. दुकान लेक बघते. मी सकाळी साखर तपासते, गोळ्या समोर बसून गिळायला लावते. चहा बिनसाखरेचा — तोंड वेडावतात, पण पितात!
आपा गरम नान घेऊन आली. "ओलीम, अर्धाच तुकडा मिळेल. आता बायकोचं ऐक. नाही म्हणायला जीभ तरी कुठंय तुझी!" हे हसले! अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. सुखानं.

२ नोव्हेंबर
भिंत धरून अंगणापर्यंत चालले.

५ नोव्हेंबर
आज बोलले! अगदी स्वच्छ. "नादिरा, पाणी."
नादिरा यांची पहिली बायको. लग्नाच्या वर्षीच गेली. इतक्या वर्षांत माझ्यापुढे तिचं नाव कधी काढलं नव्हतं.
"आणते," म्हटलं.