गुलाबी आठवड्यातला निळा एप्रन

सोमवार, ५ फेब्रुवारी
संकल्प: या आठवड्यात चिडायचं नाही. बीपी.

सकाळी सव्वाआठला मोडला. दोष माझा नाही. मुलींना आळीपाळीने एक आठवडा गुलाबी एप्रन, एक आठवडा निळा. हा गुलाबीचा, आणि शेवटच्या वर्षातली शैमा निळा घालून शाळेच्या गेटवर हजर! गुलाबी वाळला नाही म्हणे. म्हटलं, तीन दिवस सस्पेंड. घरी बस, एप्रनही वाळेल आणि अक्कलही येईल. परत येताना बापाला घेऊन ये, त्याच्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. तर उलट विचारते, मुलांना एप्रन का नसतो, सी तौफीक?
‘सी’ म्हणजे साहेब म्हणायचं, आणि शिस्तीच्या सुपरवायझरलाच प्रश्न!

मंगळवार
वीदेद बाईंनी डोकं खाल्लं. तत्त्वज्ञान शिकवतात, त्यामुळे वेळच वेळ. म्हणाल्या, पोरगी गणितात पहिली, तिला शाळेबाहेर काढून काय शिकवणार? हे सस्पेंड करणंच बंद करा, शिक्षा द्यायची तर शाळेत ठेवून द्या. मी अगदी शांतपणे समजावलं. शेजारच्या वर्गाने दार लावून घेतलं.

बुधवार
तीन पोरांनी माझ्या नाकासमोर सिगारेट पेटवली. जागच्या जागी सस्पेंड. अल्ला तुमचं भलं करो म्हणाले. दुपारी पाहतो तर समोरच्या कॅफेत मॅचची वाट बघत पत्ते कुटतायत. मला हात केला, नालायकांनी!
तरी जरब बसलीच असणार. आतून.

गुरुवार
शैमाची मुदत संपली. आली नाही. काय हा माज! बापाला ऐकवायचं भाषण पाठ केलं होतं, आधी कडक, शेवटी वडीलकीचं. फुकट गेलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी
आजही नाही. आता तर निळ्याचाच आठवडा, तेही निमित्त उरलं नाही! वीदेद बाईंनी तिचा हजेरीपट माझ्यासमोर उघडून ठेवला आणि तासाला निघून गेल्या. त्याचा जास्त संताप आला.

बुधवार
तिच्या घरी गेलो. काळजीने नव्हे, रीतसर चौकशी म्हणून. बाप, हेदी, गळ्यातच पडला. चिलगोजे घातलेला चहा दिला. म्हणाला, दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय, पुरे झाली शाळा, शिलाईच्या कारखान्यात लाग. ऐकेल तर शपथ! तुम्ही तीन दिवसांत जमवलंत, सी तौफीक. सोमवारपासून मोनास्तीरला कारखान्यात कामावर जाते. जाताना रडते, पण जाते.

मी ओरडलो. जूनमध्ये बाकालोरियाची, शाळेची शेवटची परीक्षा आहे, पोरगी उद्या सकाळी शाळेत पाहिजे!

तो शांतपणे म्हणाला, बापाशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग झालं तर. बाप येत नाही.

म्हटलं, या खेपेला बाप नको, एकटीला पाठव. हात जोडायचेच बाकी ठेवले होते. त्याने माझा पेला पुन्हा भरला.

घरी पोचेपर्यंत नुसता राग राग होत होता. कोणाचा, ते लिहीत नाही.