लाल पाहुणा

दुसरा महिना, अकरावा दिवस
देवीच! आता शंकाच नाही. सकाळी नातीचं, ओफुसाचं, तोंड पुसायला घेतलं तर कपाळावर, गळ्यावर पुरळ. परवापासून अंग तापत होतं, तर मी म्हणत राहिले, "उन्हात खेळली असेल." एवढ्या थंडीत कुठलं ऊन!

सूनबाईनं, ओनुईनं, लगेच पेटी उघडली, लाल कापड काढलं, पोरीला गुंडाळलं.

मुलगा ओसाकात कामावर. त्याला काय कळवू? आणि कळवून तो पोचणार कधी?

बारावा दिवस
देवाच्या फळीवर लाल कागद लावला, लाल भात ठेवला. शेजारची ओतोरा सगळं सांगत उभी. "देवीचा देव पाहुणा म्हणून आलाय. नीट पाहुणचार करा म्हणजे हसत जाईल. त्याच्यासमोर रडारड नको, भांडण तर मुळीच नको." मग आम्हा दोघींकडे पाहून, "तुमचं कसं व्हायचं गं बायांनो!"

मेली! अशा वेळीसुद्धा हसवते.

तेरावा दिवस
आजाऱ्याच्या उशाशी लाल चित्र हवं. शहरभर अशी चित्रं आमच्याच घरातून छापून जातात, आणि आमच्या उशाशी एकही नाही! मागच्या वर्षी चित्रकारानं ओनुई आणि ओफुसाला समोर बसवून एक चित्र काढलं होतं: आई लेकराला टबात न्हाऊ घालतेय. खूप खपलं. मी त्याचाच लाकडी ठसा बाहेर काढला. ह्यांना झोप लागली होती, म्हणून स्वतःच बसले. शाई लावली, कागद ठेवला, घासला, उचलला—

रेघा काळ्या! नेहमीची सवय. पहिला हात काळ्याचाच पडतो. आणि देवाला तर लालच हवं, काळं नजरेस पडता कामा नये. मी कागद चुलीत घातला. आईसकट, पोरीसकट. जळताना बघवेना.

ह्यांनी उठून ठसा तीनदा धुतला. "अगं, शाई आहे ती. शाप नाही." मग सगळं लाल छापलं.

चौदावा दिवस
ओफुसानं चित्र पाहिलं. "ही मी? मग आई एवढी लाल का?" "उकळत्या पाण्यात पडली म्हणून," हे म्हणाले. हसली पोर! ताप तसाच.

सोळावा दिवस
फोड भरले. डोळे सुजून बंद. चमच्यानं पेज घालतेय, अर्धी बाहेर येते.

घरात इतकं गोड बोलणं कधी झालं नव्हतं. "सासूबाई, जरा टेकता का?" "नको गं, तूच टेक." पाहुणा ऐकतोय ना!

अठरावा दिवस
काही लिहवत नाही. पोर श्वास घेतेय, एवढंच.

एकविसावा दिवस
ताप उतरला!! पेज मागितली. दोनदा. मी परसात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. फळीसमोर नको म्हणून.

चोविसावा दिवस
खपल्या धरल्या. आज डोळे उघडले. पांढरट चिकटा आहे अजून. ओतोरा म्हणते, कोमट पाण्यानं धुवत राहा, जाईल. गालावर चार व्रण राहतील. राहू देत! व्रणांवर कुणी नाक मुरडलं तर गाठ माझ्याशी आहे.

ओनुई दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसली. भात खाली लागला. मला बरंच वाटलं, चला, जुने दिवस आले. म्हटलं, "लक्ष कुठंय सूनबाई? माहेरी असाच करपवायचीस का?"

"चुकलं, सासूबाई," म्हणाली. एवढंच. नजर पोरीच्या डोळ्यांवरून हलेना.

पाहुणा उद्या जाणार. तोवर जपत असेल बिचारी.

पंचविसावा दिवस
सकाळी भाताच्या पाण्यात थोडी दारू घालून ते पोरीच्या अंगावर शिंपडलं. मग सगळे नदीवर. पाहुण्याबरोबर चित्रही पाठवायचं असतं. पेंढ्याच्या चकतीवर ठेवून ह्यांनी ते पाण्यात सोडलं. काठाशीच अडकलं, ओफुसाच्या अगदी पुढ्यात, लालभडक. ती ह्यांचा हात ओढत म्हणाली,

"आजोबा, चित्र कुठंय? सोडा ना लवकर!"