एकाच मैफलीच्या नऊ रेकॉर्ड

नाशिक,
१८ जानेवारी २०२६

प्रिय कुंदन,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या द्राक्षबागेवर यंदा डावणीचा रोग फार नसावा. शुभांगीचं शाळेत शिकवणं नेहमीसारखं. घरी आली की नवऱ्याच्या कपाटाकडे बघते आणि चहा टाकते.

कपाटात रेकॉर्ड आहेत. नऊ. सगळ्या एकाच अल्बमच्या: कॉलेजात आपण ज्याच्यापायी वेडे होतो, तोच तो भर मैफलीत ध्वनिमुद्रित केलेला, तंद्री लावणारा सायकेडेलिक रॉक. इंग्लंडमध्ये छापलेली, जर्मनीतली, हॉलंडची, जपानच्या दोन, अशा. फरक म्हणशील तर दुसऱ्या बाजूला श्रोत्यांतला एक जण खोकतो. जपानी रेकॉर्डमध्ये तो स्वच्छ खोकतो, जर्मनमध्ये जरा कोंदट. शुभांगी म्हणते, "नऊ वेळा ऐकण्यापेक्षा त्याला एकदा औषध द्यायचं होतं."

परवा पंचवटीत तुझे थोरले बंधू भेटले. हिरामणदादांनी त्यांच्या चैतालीच्या लग्नाची पत्रिका दिली. म्हणाले, "तू ये रे. सख्खा चुलता काय येत नाय. एका बांधावर राहून चोवीस वरसं धड बोलला नाय."

मी विचारलं, "का बरं?"

कुंदन, हे मी विचारलं. रात्री डायरीत लिहिताना स्वतःचीच किळस आली.

तर लिहितोच. २००१च्या मे महिन्यात, तुझ्या मामांनी लंडनहून आणलेली रेकॉर्ड मी आठ दिवसांसाठी नेली. ती किंचित वाकलेली होती. आमच्या गच्चीवर आईचे पापड वाळत होते. वाकडे पापड ती पाट्याखाली दाबून सरळ करायची. मला वाटलं, रेकॉर्डही उन्हात मऊ करून दाबावी. पाटा आणायला खाली गेलो, तिथे चहा झालेला होता, तो प्यालो. वर आलो तर रेकॉर्डची परात झाली होती.

तुला मात्र सांगितलं, "तू बागेत होतास, म्हणून हिरामणदादांच्या हातात दिली." महिनाभर आधी त्यांनी तुझी सायकल भंगारात घातली होती, त्यामुळे रेकॉर्डही त्यांनीच घालवली, हे तुला लगेच पटलं. हे मी ठरवून बोललो का, असं स्वतःला अजून विचारतो. बहुतेक ठरवूनच.

मग तशीच दुसरी शोधून गुपचूप तुझ्या घरी ठेवायचं ठरवलं. पहिली जर्मन निघाली. तू ओळखली असतीस. असं करता करता सहावी हुबेहूब तुझीच मिळाली. तिथे थांबायला हवं होतं. पण ती ऐकली, आणि सातवी मागवली. चार वर्षं तुझी रेकॉर्ड माझ्याच कपाटात आहे. प्रायश्चित्ताचा शौक कधी झाला, हे डायऱ्या चाळूनही सापडलं नाही.

काल दिंडोरीला जाऊन हिरामणदादांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चोवीस वरसं चोर मी, अन् रेकॉर्डी जमवल्या तू?" खो खो हसले. मग उपरण्याने डोळे पुसले. नंतरच्या शिव्या इथे लिहीत नाही. एकही अनाठायी नव्हती.

हे पत्र टपालाने येणार नाही. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं, ते अजून तुझ्या दारात उभे असतील, काखेत तुझी रेकॉर्ड घेऊन. वाचून झालं असेल तर त्यांना आत बोलाव. माझं काय ते नंतर बघ.

लग्नाला मी यायचं की नाही, ते तुम्ही दोघं भाऊ मिळून ठरवा. मिळून ठरवलंत, एवढं मला पुरेल.

तुम्हा दोघांचा अपराधी,
जयराम