काकूच्या पेटीतलं पाणी

॥ श्री ॥
नेकनूर
८ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनी हिस राधाकिशन काकाचे तोंडभर आशीर्वाद. आम्ही दोघं जागच्या जागी बरे आहोत, अंबाजोगाईकडचं क्षेम कळावं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसता हो हो करत होतो. खरं सांगायचं तर एक अक्षर ऐकू आलं नाही. कानातलं यंत्र लावलं की शिट्टी वाजते, काढलं की सगळीकडे सामसूम. म्हणून पत्रच बरं. शिवाय पत्र काकूला मोठ्याने वाचून दाखवता येतं. ती बोलत नाही, पण ऐकते सगळं.

तिचा उजवा हात अजून उचलत नाही आणि तोंडातून शब्द नाही. दवाखान्यात असताना ती छताकडे बघत पडायची, तू पाहिलंच आहेस. घरी आणल्यावर तू माशांची काचेची पेटी तिच्या खाटेसमोर मांडलीस तेव्हा रामने पुण्याहून फोन करून घर डोक्यावर घेतलं होतं, की आई आजारी आणि यांना मासे सुचतात. पण पोरी, तुझंच खरं निघालं. तो केशरी मासा कोपऱ्यात गेला की तुझी काकू मान वळवते. डॉक्टर म्हणाले, ज्यासाठी मान वळते ते तिच्यापुढून हलवू नका, वाचा आली तर अशीच येईल. तेव्हापासून मी या पेटीला जिवापाड जपतो.

आता काळजीचं. पेटीत शोभेला म्हणून मी ओढ्यातली बाभळीची वाळकी मुळी ठेवली होती. तिच्यावर पांढरं काहीतरी उगवलंय. शिळ्या भाकरीवर येतं तसं, पण बुळबुळीत आणि तंतू सुटलेलं. काचेवरही तपकिरी थर धरतो. शेजारच्या केसरबाई म्हणाल्या, नजर लागली. मी म्हणालो, नजर लागायला आमच्यात उरलंय काय. पण मनातून घाबरलो. गेल्या आठवड्यात दोन मासे मेले. काकू उठायच्या आत बाहेर काढून टाकले.

स्वच्छतेत मात्र मी कसूर ठेवत नाही. तुला आठवतं ना, काकू गुरांचा हौद दर सोमवारी उपसायची, राखेने घासायची, मगच ताजं पाणी भरायची. शिळ्या पाण्याला जनावराचं तोंड लागू द्यायची नाही. आता तिला उठवत नाही, म्हणून तिच्या हातचं काम मी करतो. सोमवारी मासे बादलीत काढतो आणि पेटी, खडे, तो फुगे सोडणाऱ्या यंत्रातला स्पंज, सगळं तिच्या डोळ्यांदेखत राखेने घासून बोअरच्या ताज्या पाण्याने भरतो. तरी मासे का मरतात ते लिही.

जावईबापूंना नमस्कार सांग. माया आहे ती राहू दे आणि उत्तराला उशीर करू नको.

तुझा
राधाकिशन काका


॥ श्री ॥
अंबाजोगाई
१२ जुलै २०२४

तीर्थरूप काका आणि काकू यांच्या पायांवर डोकं ठेवून प्रियदर्शनीचा नमस्कार.

काका, तुमचं पत्र वाचताना राखेपर्यंत आले आणि कपाळावर हात मारला. चूक माझी आहे. मी पेटी मांडून, मासे सोडून, चहा पिऊन निघाले आणि पाण्याचं काही सांगितलंच नाही. मला वाटलं, ज्यांनी जन्मभर गुरं सांभाळली त्यांना चार मासे काय जड.

पण तो हौद नाही, काका. गुरं पाणी पितात आणि चरायला जातात. मासे त्याच पाण्यात राहतात, खातात आणि घाणही त्यातच करतात. ती घाण खाऊन संपवणारे बारीक जीव खड्यांवर, स्पंजवर आपोआप वाढतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ते वाढायला महिना-दीड महिना लागतो, आणि तुम्ही दर सोमवारी त्यांचा निकाल लावता. वर राख. ती पाण्यात उतरली की माशांना भाजते.

ती पांढरी वाढ म्हणजे रोग नाही, नजरही नाही. नव्या पेटीत लाकूड टाकलं की येतेच. माझ्याकडे आली होती तेव्हा मी रात्रभर रडले होते, हे शिवशंकरना विचारा, अजून चिडवतात. काही दिवसांनी आपली आपण गेली. काचेवरचा तपकिरी थरही तसाच, फडक्याने पुसा. आता एवढंच करा. आठवड्यातून एकदा पाव पेटी पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी घालायचं. स्पंज काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा. खाणं चिमूटभर. आणि राख चुलीजवळच राहू द्या.

काकू, तू हे ऐकते आहेस ना? काकांवर लक्ष ठेव. ते ऐकणाऱ्यातले नाहीत, आता तर कानही त्यांच्याच बाजूने झालेत.

(काका, मागचं पान मोठ्याने वाचू नका.)

तो केशरी मासाही कदाचित जाईल. एवढं सोसल्यावर वाचणं कठीण. तसं झालं तर काकूला कसं सांगायचं, हे मला खरंच कळत नाही. तिची वळायला लागलेली मान पुन्हा छताकडे जाऊ नये, एवढंच मागते.

दोघांची माया अशीच डोक्यावर राहो.

तुमची
प्रियदर्शनी


॥ श्री ॥
नेकनूर
२३ जुलै २०२४

चि. प्रियदर्शनी हिस अनेक आशीर्वाद. आम्ही बरे, तुम्ही बरे असा.

हे पत्र काकूकडे पाठ करून लिहितोय. तू म्हणालीस तेच झालं. केशरी मासा गेला. पहाटे वर तरंगताना दिसला. ती झोपली होती. मी पेटीवर टॉवेल टाकला, केसरबाईंना तिच्याजवळ बसवलं आणि पहिल्या गाडीने बीडला गेलो. दुकानदाराला म्हणालो, असाच दे, रंगही हाच आणि अंगही एवढंच. त्याने मला वेड्यात काढलं असेल. दुपारी ती डोळे मिटून पडली होती तेव्हा गुपचूप सोडला. संध्याकाळी तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. काही कळलं नसावं. पन्नास वर्षांत तिच्याशी एवढी लबाडी मी पहिल्यांदा केली. घास उतरत नाही.

तू लिहिलंस तसं पाव पाणी बदललं. पण पांढरं वाढतच चाललंय, पाण्यालाही चहासारखा रंग आलाय. कालचा सोमवार माझ्यानं निघेना. आणि ती सारखी पेटीकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा पेटीकडे बघत होती. डोळ्यांत नुसता राग. मला कळतं ग तिचं. जिने हौदात शेवाळाचा ठिपका राहू दिला नाही, तिच्यासमोर मी ही घाण मांडून बसलोय. तिला बोलता आलं असतं तर माझी धडगत नव्हती.

तुझं शास्त्र खरं असेल, पण तिचा राग मला बघवत नाही. येत्या सोमवारी मी पेटी घासणार. हा मासाही गेला तर दुसरा आणीन.

रागावू नको, जीव लावते तशी लाव.

तुझा
काका


॥ श्री ॥
अंबाजोगाई
२६ जुलै २०२४

तीर्थरूप काकांच्या पायी नमस्कार.

घाईत लिहिते. काका, पेटी घासू नका. चहासारखा रंग बाभळीचा आहे, घाण नव्हे. पांढरं जाण्याआधी थोडं वाढतंच. एवढा एक सोमवार काढा. केसरबाईंना फोन लावतेय, लागत नाही, त्या नारायणगडाला दर्शनाला गेल्या असतील. पत्र वेळेत पोचावं म्हणून शिवशंकर स्वतः टपालपेटीत टाकायला निघालेत.

आणि माशाचं काकूला सांगून टाका. तुम्ही चार दिवस जेवला नाहीत तर ते तिला दिसणार नाही का?

तुमच्यावर रागावता येत नाही, हीच अडचण आहे.

प्रियदर्शनी


॥ श्री ॥
नेकनूर
२ ऑगस्ट २०२४

चि. प्रियदर्शनी हिस काका-काकू दोघांचे आशीर्वाद. आज दोघांचे लिहितोय, मुद्दाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं, आणि सोमवार त्याच्या आधीच येऊन गेला होता. सकाळी मी राखेचं घमेलं आणि बादली घेऊन खाटेजवळ गेलो. तिला म्हणालो, बघ, आज सगळं लख्ख करतो, तुझ्या हौदासारखं. बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. तेवढ्यात माझ्या धोतराला ओढ बसली. वळून पाहतो तर तिच्या डाव्या मुठीत सोगा, चेहरा लालबुंद, ओठ थरथरतायत. मी खाली वाकलो, माझा चांगला कान तिच्या तोंडाशी नेला.

"नको."

पोरी, मी शिट्टीशिवाय ऐकलं. घमेलं हातातून पडलं, खोलीभर राख झाली. मी खाली बसून रडलो आणि ती माझ्या डोक्यावर थापटत होती, बैलाला थापटतात तसं.

म्हणजे तो राग पेटी मळल्याचा नव्हताच. तुझं पत्र तिने नीट ऐकलं होतं, आणि म्हातारा पुन्हा राख घेऊन येतो की काय म्हणून ती आठवडाभर धास्तावली होती. दिवसभर तीच तर समोर असते. नवा मासा त्या पांढऱ्याला टोचे मारून खातो, हेही तिनेच मला बोटाने दाखवलं. आता मुळीचा एक फाटा साफ निघालाय.

तेव्हापासून रोज शब्द येतायत, अडखळत, तुटक. ऐकायला मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. तुला पत्रात चार ओळी घालायच्या म्हणाली. सकाळभर बसून घेतल्या. सांगितलं तसं लिहिलंय, मला अवघड वाटलं तेही खोडलं नाही.

"प्रिया, मी सांगते अन् हे लिहितेत. मासा बदलला ते मला त्याच दिशी कळलं. पयल्याच्या शेपटीला काळा ठिपका व्हता, ह्याला न्हाई. पर ह्यांनी एवढी धावाधाव केली, म्हणून मी बी गप बसले. तशी मी गपच व्हते. तू बी मागचं पान मला वाचून दावू दिलं न्हाई, ह्यांनी मनातच वाचलं ते मी बघितलं. आता दोघांनी बी ऐका. मेलं तर मेलं म्हणून माझ्यापुढं सांगायचं. मी अजून हाय. लोभाचं लिहू का म्हणून इचारतेत. लिहून काय व्हतंय, येऊन बस. तुझी काकू."