वॉल्टरच्या पत्राचं दुसरं पान

८ मे २००४, श्रूजबरी
अखेर हॉटेलातून सुटका! वरच्या मजल्यावरची ऐसपैस खोली, खिडकीशी मेपलचं झाड, किचन वापरायची मुभा. घरमालकीण डोरिस हॅलोरन एक्याऐंशी वर्षांच्या, एकट्याच राहतात. नावाने हाक मार म्हणाल्या. माझी जीभ रेटेना, मी मिसेस हॅलोरनच म्हणते. खोली त्यांच्या धाकट्या भावाची, वॉल्टरची. बॉम्बर विमानाच्या शेपटीत मशीनगनवर असायचा. मे १९४५ मध्ये टोकियोवरच्या रात्रीच्या हल्ल्यातून विमान परतलंच नाही. वय एकवीस. फोटोत किती मोकळं हसतोय! आज मी पोहे केले, मिसेस हॅलोरननी दोनदा मागून घेतले. नागपूरला आईला फोन करून सगळं सांगितलं.

१३ मे
खोलीत वास येतोय. आधी वाटलं, भिंतीत उंदीर मेलाय. पण हा गोडसर, तुपकट आहे, त्यात जळक्या केसांचा. ऑफिसातला राजीव येऊन बघून गेला. त्याला कसलाच वास आला नाही. यार कादंबरी, तुझ्या फोडणीचा असेल, म्हणाला. कार्पेट शाम्पू केलं. व्यर्थ.

१९ मे
उशीवर काजळी. पुसायला गेले तर बोटांना चिकटली, चरबीसारखी. तीनदा न्हाले, केसांतून वास जात नाही. ऑफिसात डबा उघडला, भाजीलाही तोच. सिंकमध्ये ओकले.

२५ मे
मेमोरियल डेला, म्हणजे अमेरिकेतल्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनी, गावाच्या स्मारकापाशी वॉल्टरचं शेवटचं पत्र वाचतात. मिसेस हॅलोरनना आता दिसत नाही, म्हणून मला सांगितलं. त्याच्या सामानासोबत घरी आलेलं पत्र. पान एकच दिलं: बेसबॉल, आईच्या हातचा ॲपल पाय, हवापाणी. शेवटचं वाक्य अर्धवट.
दुसरं पान मला कपाटातल्या त्याच्या जाकिटाच्या अस्तरात सापडलं. लिहिलंय, 'आम्ही इतक्या खालून गेलो की माणसं जळाल्याचा वास विमानात शिरला. सगळे ओकलो. डोरिस, आंघोळ केली तरी जात नाही. उद्या परत जायचंय.'
तोच वास. मी जवळजवळ दोन आठवडे श्वासातून—शी.

२६ मे
पान त्यांना वाचून दाखवलं. त्यांना ठाऊक होतं! अस्तरात त्यांनीच शिवलं होतं. माझा भाऊ हिरो होता, एवढंच लोकांनी ऐकायचं, म्हणाल्या. मग अगदी शांतपणे: खोली रिकामी राहिली की वास जिन्यावरून खाली येतो, म्हणून भाडेकरू ठेवते.
त्यांच्या सुरकुतल्या, साबणाने धुतलेल्या हातांची किळस आली. सोमवारी इथून जायचं. राजीव गाडी आणतोय.

३१ मे
दोन्ही पानं वाचली. लोक माना खाली घालून निघून गेले. एकाने बँड थांबवला. मिसेस हॅलोरन म्हणाल्या, "तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस."
मी म्हणाले, "मी फक्त त्याने लिहिलं ते वाचलं."

३१ मे, दुपारी साडेचार
बॅग भरली. राजीव अजून नाही. वास एवढा की डोळ्यांतून पाणी—
जिन्यावर पावलं. ओली, चिकटत सुटणारी. खालून मिसेस हॅलोरन हाका मारताहेत, वॉल्टर, आलास का रे—
कडीवर काजळीची बोटं. आतून मी दार धरलंय, पण हाताला—
वॉल्टर नाही. बाई आहे. पाठीला मूल बांधलेलं. दोघांची जळकी कातडी एकमेकांत—
ती बोलतेय. तिला नाव सांगायचंय. मी लिहितेय, तिचं नाव—