खीव्याला निघालेल्या आईबद्दल मामांस

आदरणीय अब्दुहलील मामा,

मर्गिलानहून तुमचा भाचा तोलिबजोन याचा, हात छातीवर ठेवून, सलाम. तुमची तब्येत कशी आहे, मामींचा खोकला गेला का, अंगणातला द्राक्षवेल यंदा मांडवावर चढला का, हे सगळं सावकाश विचारायचं होतं. पण वेळ थोडा आहे, तेव्हा विचारलं असंच समजावं. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोन करता आला असता, पण फोन आईच्या उशाशी असतो आणि माझं कोणाशीही बोलणं चाललं की ती आवाज मोठा करून स्वतः ऐकते. (आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईला कुजबुज अजून खपत नाही.) म्हणून हे पत्र, तेही शेजाऱ्यांच्या गोठ्यामागे बसून.

घडलं ते असं. चहाखान्यात आमच्या मित्रांच्या बैठकीत मी बोलायला उभा राहिलो. (मला बसून बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता.) विषय पुलावाच्या तांदळाचा चालला होता, तो मी देशावर नेला. म्हणालो, ज्याच्या पायांना आपल्या देशाची धूळ लागली नाही, त्याने देशप्रेमाच्या गोष्टी करू नयेत. आपली पोरं पॅरिसच्या गल्ल्या ओळखतात आणि बुखाऱ्याचा मिनार चित्रातसुद्धा ओळखत नाहीत. उठा, बाहेर पडा, ताश्कंद, समरकंद, बुखारा, खीवा, एका दमात डोळ्यांत भरून घ्या! टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. मी तृप्त होऊन घरी आलो, तर भाषण माझ्याआधीच घरी पोचलं होतं. आई दारात उभी होती.

"छान बोललास म्हणे," ती म्हणाली. "मग कधी निघायचं?"

मामा, वक्त्याला असं कोणी विचारायचं नसतं.

तुमची बहीण आता ऐंशीला टेकली. गेल्या हिवाळ्यात तिच्या हृदयाने आम्हाला जे दाखवलं ते तुम्हाला तेव्हा पूर्ण कळवलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना, जन्मभर वाचलेल्या इतक्या पुस्तकांतलं एकही वाक्य माझ्या उपयोगी पडलं नाही. तेव्हापासून ती शिंकली तरी मी उठून उभा राहतो. आणि ही बाई, जी कधी कोकंदच्या पलीकडे गेली नाही, ती शाळेतला जुना नकाशा सतरंजीवर पसरून, हातात काठी घेऊन आम्हाला प्रवास शिकवते आहे. बुखारा ते खीवा तिच्या नकाशावर वीतभर आहे. त्या वितीत अख्खं किझिलकुम वाळवंट आहे हे मी दाखवून दिलं, तर म्हणते, मला सांगतोस? परीक्षेत तूच तिथे डोंगर काढला होतास. मग मी ताश्कंदच्या वाटेवरच्या बोगद्याचा विषय काढला. गाडी डोंगराच्या पोटात शिरली, मधेच थांबली, दिवे गेले, आईला धाप लागली तर काय करायचं, हे सांगता सांगता मलाच धाप लागली. माझ्या बायकोने, साओदतने, मला पाणी दिलं आणि आईला खिडकीजवळची जागा कबूल केली.

मी तरीही धीर धरून बेत आखायला घेतला. हॉटेलात उतरावं, एका दिवशी एकच इमारत बघावी, दुपारी झोपावं. पण त्याआधी माझ्या हातून घात झाला होता. समरकंदच्या इस्मतला (माझा चुलतभाऊ, तुम्ही त्याला लग्नात पाहिलंय, मोठ्याने हसणारा तो) मी सहज म्हणून गेलो की कदाचित तिकडून जाऊ. सगळा जन्म या मातीत काढून मी 'कदाचित' म्हणालो! आपल्याकडे 'कदाचित' म्हटलं की पाहुण्यांसाठी कापायला मेंढा बांधला जातो. इस्मतने मेंढा बांधला. रोज त्याचा फोटो पाठवतो. मेंढा भरत चाललाय आणि मी वाळत. इस्मतने बुखाऱ्याला त्याच्या मेहुण्यांना कळवलं, मेहुण्यांनी ताश्कंदला आपल्या व्याह्यांना कळवलं, आणि आता शहरोशहरी एकेक जनावर आमची वाट बघत उभं आहे. हॉटेलात उतरलो तर नातवंडांपर्यंत अबोला. घरी उतरलो तर जिला चरबी वर्ज्य, तिच्यापुढे मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीत न्हालेला पुलाव येणार, आणि सगळ्यांत वडीलधारी म्हणून पहिला घास तिचा. तिने घेतला नाही तर कोणी हात घालणार नाही. तिने घेतला तर मी जेवू शकणार नाही. डोळे मिटले की लोकांना समरकंदचे निळे घुमट दिसतात. मला पराती दिसतात.

तोपर्यंतही बेत मोडता आला असता. तो का मोडावा यावर परवा जेवताना मी उभा राहून बोललो, आणि चांगला रंगलो. बोलून झाल्यावर खाली पाहिलं, तर आईने ताजा नान उचलून त्याच्या कडेचा एक घास चावला होता आणि साओदत उरलेला नान भिंतीवरच्या खिळ्याला टांगत होती. प्रवासाला निघणाऱ्याने चावलेला नान, तो जपला तरच माणूस सुखरूप परततो! आता तो तिने परत येऊन संपवेपर्यंत तिथेच राहणार, आणि तो उतरवायची हिंमत या घरात कोणाची? तिकिटं नाहीत, तारीख नाही, आणि माझी आई निघालीसुद्धा. ताईत आणि गंडेदोरे यांच्यावर मी जन्मभर आसूड ओढले. तोच मी आता रोज उठल्या उठल्या त्या नानाला बुरशी आली का बघतो. काल त्याच्यावर एक मुंगी चढत होती. मी तिला बोटावर घेऊन बागेत सोडून आलो. (हे कृपा करून कुठे बोलू नये.)

मामींना सलाम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा, पूर्वी निर्भय असलेला भाचा,
तोलिबजोन

ता. क. खरं काम राहिलंच. मामा, तुम्ही आईला कळवा की घराचं छप्पर उतरवलं आहे, यंदा येऊ नकोस. त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. देश बघायचाय असं ती म्हणते, पण नकाशावरून फिरत फिरत तिची काठी शेवटी तुमच्या खीव्यावर येते आणि तिथून हलत नाही, हे मी पाहिलं आहे. तुम्ही इथे आलात तर सगळा देशच घरी आला.

आणखी ता. क. पाकीट बंद करायच्या आधी आईला डॉक्टर गुलचेहराकडे नेलं. (आईची विद्यार्थिनी. अजून आईसमोर खुर्चीवर बसत नाही.) माझी शेवटची आशा ती होती. तिने छाती तपासली, कागद पाहिले आणि म्हणाली, बाई, खुशाल जा, पुलावाला फक्त बोट लावा. मी विरोध करायला उभा राहिलो, तर तिने माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला आणि यंत्राकडे बराच वेळ बघत राहिली. "तोलिबदादा, बाई ठीक आहेत," ती म्हणाली. "तुम्ही बसा. आणि बोलू नका." प्रवास चालेल म्हणे, भाषण चालणार नाही. येताना वाटेत मी आईला सांगत होतो की मला फक्त तुझ्या जिवाची धास्ती आहे. ती थांबली, माझ्या कोटाचं बटण लावलं आणि म्हणाली, "मी गेले तर तुझी भाषणं शेवटपर्यंत कोण ऐकणार, ही तुझी धास्ती. चल सोबत. पण एकाही मिनारासमोर तोंड उघडायचं नाही."

शेवटचं ता. क. छपराचं विसरा. आम्ही येतो. पण चार शहरं, इतके घुमट, इतकी कबरस्तानं, आणि त्यांच्यापुढून मी मुकाट्याने चालत जायचं, या कल्पनेने बोगद्याचीसुद्धा भीती उरली नाही. तेव्हा एवढंच करा. खीव्यात आई दुपारी झोपली की तटाच्या सावलीत चार माणसं बसवून ठेवा. त्यांना ऐकू आलं नाही तरी चालेल. फक्त त्यांनी मधेच उठू नये.